पट्ट्या पोरीनं घासल्या न्हाईत

गाडीच्या खिडक्यांच्या पट्ट्या तू खराब केल्यास. शकूनं न्हाय, तू. चिंच आन राख लावून, दर अमावस्येला, सहा वरसं. आन मार खाल्ला नऊ वर्षांच्या पोरीनं. हे आधी लिहून टाकते. न्हायतर खुशाली लिहीपर्यंत माझ्यानं दम धरवणार न्हाय.

हं. आता रीतीनं लिहिते.

प्रिय आक्का,

‘प्रिय’ लिहायचं असतं म्हणून लिहिलं. चौथीत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं होतं, त्यापुढची शाळा मला न्हाय हे तुला ठावं हाय. आपल्या शकूच्या पोरीची, पूजाची, अर्धी कोरी राहिलेली वही घेतलीय आन बेंबळीच्या घरी ओसरीवर बसलेय. उद्या तुझं वर्षश्राद्ध. आचारी सांगून झाला, भटजी सांगून झाले, तुझ्या फोटोची काच पुसून झाली. फोटोत तू लई शांत दिसतेस. असं शांत तोंड तुझं जित्तेपणी म्या कधी बघितलं न्हाय.

आन ‘तू’ म्हणतेय ते बी ऐकून घे. माहेरात तुला तूच म्हणायचे. एका वेणीफणीच्या बहिणी आपण. तुझ्याच घरात तुझी सवत होऊन आले, त्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्यातच बजावलं, “थोरलीला तुमी म्हणायचं. हितं ती तुझी बहीण न्हाय.” तू शेजारी ताट घेऊन उभी होतीस. त्या दिवसापासून तू मरेपर्यंत तुमी म्हणत आले. आता बास झालं.

आजच का लिहिते? शकूपायी.

तुझ्या तेराव्याला, पंगत उठल्यावर, ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणली, “मावशी, आईची गाडी म्या नासवली होती. वर्षश्राद्धापर्यंत तिच्या पट्ट्या होत्या तशा करून घेते. गाडी अंगणात उभी करते, आईच्या फोटोपुढं डोकं टेकते, माफी मागते. मग कुठं माझं मन हलकं होईल.”

पन्नाशी उलटलेली बाई हाय ती, आक्का! धाराशिवच्या हायस्कुलात क्लार्क हाय. फायलीत कागद कमी असला तर हेडमास्तरला उभं करून झापते. ती हे म्हणते. गुडघ्यात तोंड घालून म्हणते. आन मी काय म्हणलं? “बरं,” म्हणलं. मला तरी कुठं ठावं होतं तेव्हा!

निदान मी तसं समजत होते.

मावशी! पोटात म्या वाढवली, दूध म्या पाजलं, आन ती मला मावशी म्हणते. हे उद्या कुणी तिऱ्हाईत वाचलं तर त्याला कळायचं न्हाय म्हणून लिहिते. तुला काय सांगायचं, सौदा तूच केलास. लग्नाला नऊ वरसं झाली, तुझी कूस उजवंना. मालकांना दुसरी करायची घाई. मग तू माहेरी आलीस आन आईला म्हणलीस, “परकी आणण्यापरीस धाकटीला द्या. घरातल्या घरात राहील.” मी चुलीपाशी भाकरी थापत होते. सतरा वरसांची. मला विचारलं का कुणी? तू विचारलंस का?

आन दुसरी अट. पहिलं लेकरू तुझ्या मांडीवर द्यायचं. बारशाला सासूबाईंनी माझ्या कुशीतनं शकूला उचललं आन तुझ्या वटीत ठेवलं. बायांनी तुझं नाव घेऊन पाळणा म्हणला. मी आतल्या खोलीत वाकळंवर पडून ऐकत होते. छाती दुधानं दगड झाली होती. थोड्या वेळानं तूच पोरीला आत आणलंस, “पाज,” म्हणलीस. पाजून झाली की परत नेलीस.

पुढं मला दोन पोरं झाली, ती माझी म्हणून राहिली. पर शकू तुझी. तिला कुणी रागं भरलं तर मधी पडायचा हक्क तुझा. मी मधी पडले तर तू म्हणायचीस, “माझ्या लेकीचं मी बघते.” बघितलंस!

आता गाडीचं.

शकू तीन वरसांची असंल तेव्हा मालकांनी ती गाडी आणली. सोलापूरच्या कुण्या रिटायर साहेबाची, वापरलेली, पिस्त्याच्या रंगाची. आन खिडक्यांच्या खालनं, वरनं, मागच्या काचेच्या भोवतीनं त्या चांदीवाणी पट्ट्या. ऊन पडलं की डोळे दिपायचे. पंचक्रोशीत तशी गाडी नव्हती. पुढं मालक आन तू, मागं मी, पोरं, धान्याचं पोतं, तेलाचा डबा. थोरलीचा मान पुढं. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. वाटायचं.

तुला त्या गाडीचं काय वेड लागलं होतं! दर अमावस्येला धुवायचीस, लिंबू-मिरची बांधायचीस, हळदीकुंकू लावायचीस. आन देवघरातली समई-ताम्हण घासावी तशी पट्ट्या घासायचीस. चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख, काथ्या. चिंच मी भिजवायचे. आदल्या सांजच्याला वाटीत घालून ठेवायचे, तुझा हुकूमच होता तसा. मालक आंघोळीला निघाले की एकदा गाडीकडं बघायचे आन म्हणायचे, “थोरलीच्या हाताला चमक हाय.”

एवढंच. पर तेवढा एक शब्द त्यांच्या तोंडून तुला मिळायचा. वांझोटी म्हणून बाकी काय काय ऐकलंस ते मी ऐकलंय. त्या एका शब्दासाठी तू बोटांची सालटं काढून घ्यायचीस. त्या टायमाला मला तुझी कीव यायची. आता येत न्हाय.

मग त्या पट्ट्या उतरायला लागल्या. आधी एक ठिपका, मग पांढुरकं, खडूच्या भुकटीवाणी. तू आणखी जोरानं घासायला लागलीस. जेवढी घासशील तेवढी पांढरी! आपल्याला वाटलं, उन्हानं होत असंल. धुळीनं होत असंल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक कळंबकडं कुणाच्या बैठकीला गेले होते. तिथं कुणीतरी चारचौघांत विचारलं, “मालक, गाडीला बुरशी धरली की काय?” हसले म्हणे सगळे. मालक घरी आले ते वहाण न काढता अंगणात उभे राहिले.

“गाडीला हात कुणी लावला?”

मी सैपाकघराच्या दारात, पुरणाची डाळ चाळणीत. पोरं तुळशीमागं. आन तू गाडीपाशी.

तू म्हणलीस, “काल शकू बसली होती काथ्या घेऊन. म्या हाकलली.”

खोटं बोलली न्हाईस. बसली होती शकू. आई करते तसं करायचं म्हणून मागच्या डाव्या दाराशी बसून घासत होती. हातात काथ्या आन विटकराचा तुकडा. मी बी बघितलं होतं. पर सहा वरसांच्या पांढरेपणाला एका दुपारची पोर?

मालकांनी कमरेचा पट्टा काढला.

शकू ओरडली ती “आई, आई” म्हणून ओरडली, आक्का. तुझ्याकडं बघून ओरडली. तू गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिलीस. आन मी दारात. माझ्या पायातनं अंगणात एक पाऊल पडलं न्हाय. मनात काय आलं ते आज लिहिते, कुणाला कधी सांगितलं न्हाय. मनात आलं, बघ की आता तुझ्या लेकीचं तू. तुझी हाय ना? मग पड मधी! माझ्या पोटच्या पोरीला पट्टे बसत होते आन मी तुझ्याशी हिशोब चुकता करत होते.

हे माझं. हे मी तुझ्यावर ढकलणार न्हाय.

त्या दिवसापासून शकू गाडीत बसली न्हाय. शाळंला पायी. आजोळी एस्टीनं. लग्नात मालकांनी गाडी फुलांनी सजवली, तर ही नवरीच्या पातळात व्हऱ्हाडाच्या ट्रॅक्टरमध्ये चढून बसली. सगळे म्हणले, काय हट्टी पोरगी! मालक म्हणले, नशिबाला गाडी न्हाय हिच्या. तू काय म्हणलीस? “आईचं ऐकत न्हाय ती.” आन पदरानं डोळे पुसलेस. बायांना वाटलं, लेक सासरी निघाली म्हणून रडते.

मालक गेले, गाडी शेडात कडब्याशेजारी पडून राहिली. तू गेलीस, तेव्हा शकूनं हे पट्ट्यांचं काढलं. अशा पट्ट्या करणारा जुना माणूस आता एकच उरलाय म्हणे, जळकोटला हायवेला, रशीद मिस्त्री. पूजानं बॅटरी घातली, टायर घातले, गाडी सुरू केली. तिची आई गाडीत बसणार न्हाय, मग सोबत कोण? मी गेले. पुढं बसले. जन्मात पहिल्यांदा त्या गाडीत पुढं बसले! काही विशेष न्हाय गं. ऊन तोंडावर येतं आन ठिगळाच्या सीटची तार टोचते. एवढ्यासाठी मी इतकी वरसं जळले?

पूजा म्हणली, “आज्जी, बेल्ट लाव.”

“ह्या गाडीला बेल्ट हाय कुठं, बये?”

“मग धर घट्ट. ब्रेकचं बी तसंच हाय.”

रशीद साठीचा असंल. हाताला दोन बोटं कमी. त्यानं घाई केली न्हाय. पट्टीच्या कडंनं रंगावर चिकटपट्टी लावली, चरा पडू नये म्हणून. लोखंडाचा पेचकस न घेता बांबूची चपटी कामटी घेतली. म्हणला, लोखंडानं उचकटलं तर पट्टी वाकते, मग ती जन्मात सरळ होत नै. कामटी आत सारायची, एक क्लिप सोडवायची, बोटभर पुढं जायचं, दुसरी सोडवायची. मला ते बघायला बरं वाटत होतं. पूजा रस्त्यापलीकडं चहा सांगायला गेली. तेवढ्यात त्यानं पहिली पट्टी उलटी केली आन मला हाक मारली.

“आज्जी, हिकडं या जरा. तुमी गाडी धुत होता का भांडी घासत होता?”

“का रे बाबा?”

“हे बघा.”

पट्टीच्या पाठीमागं, क्लिपांच्या भोवती, राखाडी गाळ बसला होता. घट्ट. थरावर थर. त्यानं नखानं एक ढपली काढली, पाण्यानं ओली केली आन माझ्या नाकापाशी धरली. आक्का, मला वास आला का न्हाय सांगता येत न्हाय. इतक्या वरसांत कसला वास राहतो? पर तो गाळ बघितला आन मला तुझे हात दिसले, कोपरापर्यंत राखाडी.

म्या म्हणलं, “उन्हानं झालं ना पांढरं?”

“उन्हाचं काम नै हे. उन्हानं खराब झाली असती तर सगळीकडं सारखी झाली असती. मागच्या काचेची ही वरची पट्टी बघा, आरशावाणी हाय. जिथं हात पोचला नै तिथं काहीच झालं नै. आन ही दाराची, रबराखालची कड बघा, तीबी चकाकती.” मग त्यानं समजावलं. ह्या पट्टीच्या वर एक थर असतो, डोळ्याला दिसत नै, त्यानं चमक टिकते. पितळ चिंच-राखेनं उजळतं, पर हिचा तो थर आंबट आन राख मिळून खाऊन टाकतात. एकदा खाल्ला की आतली पट्टी उघडी पडते आन पांढरी होत जाते. “कुणीतरी लई वरसं, लई मायेनं वाट लावलीय,” म्हणला.

मायेनं!

म्या विचारलं, “एखाद्या पोरानं केलं असंल का? एका दुपारी? काथ्यानं?”

तो हसला. “पोरानं घासलं असतं तर चरे पडले असते. हे चरे नैत, खाल्लेलं हाय. थांबा, चरे दाखवतो. हे बघा, मागच्या डाव्या दाराला, खालच्या कडंला. हे हायेत पोराचे.”

चार चरे होते. बोटभर लांब. त्यानं बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवला आन माझ्यादेखत दोन-चार हात मारले. गेले. आक्का, गेले! शकूचा सगळा गुन्हा तेवढा होता. पाण्यानं आन कागदानं पुसला गेला.

तुझं जायला चार दिवस लागले. आधी कसलं तरी औषध लावून उरलासुरला थर खरवडला, मग जाड पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, मग चाकावर धरून घासलं. रशीद म्हणला होता, काळा रंग मारून देतो, झटपट होईल, झाकून जाईल. शकू फोनवर म्हणली, “झाकायचं न्हाय. होती तशी पाहिजे.” त्यानं सांगितलं, “होती तशी होणार नै, बाई. चमकंल. पर थर गेला तो गेला. आता दर दोन-तीन महिन्यांनी मेण लावावं लागंल, न्हायतर परत उतरंल.”

म्या त्याला म्हणलं, “मिस्त्री, हे गाळाचं पोरीला सांगू नको, तिच्या आईला बी नको.”

“मी पट्टीचं सांगतो, आज्जी. माणसांचं मला काय ठावं?”

गाडी रशीदपाशी सोडून पहिल्याच दिवशी एस्टीनं परतलो, तेव्हा पूजा विचारत होती, तोंड का उतरलंय. उन्हानं, म्हणलं.

इथवर मी तुला माफ करत आले होते बघ. खरंच. एस्टी तुळजापूरच्या पुढं आली तोवर मनाशी म्हणलं, बिचारीला काय ठावं होतं? देवाची भांडी घासतात तशी घासली. अडाणी होती. मी बी अडाणी, चिंच तर मीच भिजवायचे. दोघींची चूक. जाऊ दे.

आन मग मला ती आमटी आठवली.

दसऱ्यानंतरची अमावस्या, दिवाळीची, लक्ष्मीपूजनाची. पोरीच्या पाठीवरचे वळ तेव्हा हिरवे पडले होते. म्या रीतीप्रमाणं आदल्या सांजच्याला चिंच भिजत घातली होती. सकाळी तू बादली घेऊन निघालीस, म्या वाटी पुढं केली. तू वाटीकडं बघितलंस. मग माझ्याकडं बघितलं न्हाईस. म्हणलीस, “राहू दे. ती आमटीत घाल.”

आन जुन्या धोतराचा मऊ तुकडा आन नुसतं पाणी घेऊन गेलीस.

त्या दिवसानंतर तू गाडीला चिंच लावली न्हाईस. एकदाबी न्हाय! राख न्हाय, काथ्या न्हाय. मालक गेले तोपर्यंत नुसतं पाणी आन फडकं. का गं? पोरीनं खराब केल्या होत्या ना पट्ट्या? मग तुझ्या चिंचेनं काय बिघडवलं होतं?

तुला कळलं होतं. मार चालू होता तेव्हा कळलं, का त्याच्या आधी, का रात्र पडल्यावर, ते तूच जाणे. पर दिवाळीपर्यंत तुला कळलं होतं. आन तू तोंड उघडलं न्हाईस. उघडलं असतंस तर ‘थोरलीच्या हाताला चमक हाय’ हा शब्द गेला असता. त्या शब्दापायी लेकरू दिलंस. माझं लेकरू. मागून घेतलेलं लेकरू!

आन मला? मला बी त्या दिवशी काहीतरी कळलं होतं. वाटी हातात धरून मी उभी होते. मनात आलं होतं की हे असं का? पर म्या ती चिंच आमटीत घातली. आमटी आंबटढाण झाली, सगळ्यांनी खाल्ली, शकूनं बी खाल्ली. आन मी पुन्हा त्याचा विचार केला न्हाय. विचार न करणं मला चांगलं जमतं. त्यावरच तर त्या घरात दिवस काढले.

पर तुला शेवटी टाइम मिळाला होता, आक्का. ते मला सोसत न्हाय. तीन महिने शकूकडं धाराशिवला अंथरुणावर होतीस. तिनं रजा काढली. तुझं हगणं-मुतणं काढलं, पाठीला तेल लावलं, घास भरवला. आन ती कधीतरी बोलून गेली असणारच की आई, मी तुझी गाडी नासवली. बोलली होती! तिनं मला सांगितलं. तू काय केलंस म्हणे? तिच्या तोंडावरनं हात फिरवलास आन म्हणलीस, “लेकरांच्या चुका आई पोटात घालते.”

जीभ जड झाली होती म्हणून म्हणावं, तर तसं बी न्हाय. चहात साखर कमी हाय म्हणायला तुझी जीभ चालत होती. कोपऱ्यातला पंखा आवाज करतो म्हणायला चालत होती. चार शब्द हवे होते. “पोरी, ते म्या केलं.” मोज. चार!

तुझ्या त्या वाक्याचं तिनं काय केलंय ठावं हाय? कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं लिहून ठेवलंय. साड्या काढताना रोज वाचते.

पूजानं गाडी आणली काल. शेडात उभी हाय, वर चादर घातलीय. आज सकाळी म्या चादर वर करून बघितली. चांगल्या झाल्यात पट्ट्या. तोंड दिसतं. माझं दिसलं, म्हातारं, तुझ्यासारखंच. बहिणी ना आपण! मी चादर परत टाकली.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? वाटलं, सांगून टाकावं शकूला. म्हणजे तुझा फोटो भिंतीवरनं उतरंल. म्हणजे ती मला आई म्हणंल. एवढं वय झालं, दात पडले, आन मनात अजून हे! मीच मला दोन शिव्या दिल्या.

मग वाटलं, नको सांगायला. मेलेल्या बाईला कशाला उघडं पाडायचं? पोरीला एवढं तरी सुख हाय की आईनं तिला पोटात घातलं. टेकू दे डोकं, होऊ दे मन हलकं. त्यात एक लबाडी होती, ती भाकरी थापताना मला सापडली. सांगितलं तर ती विचारणार, “मावशी, तू कुठं होतीस?” ते चुकवायचं होतं मला. तुझी अब्रू राखायच्या नावाखाली मी माझी राखत होते.

पर जी चूक तिनं केली न्हाय तिच्यासाठी ती उद्या वाकणार. पन्नाशीतली बाई, गुडघे दुखतात तिचे, खाली बसून फरशीला कपाळ लावणार. तुला. ते मी उभी राहून बघू? एकदा उभी राहून बघितलं. पुन्हा न्हाय.

तर ऐक. उद्या शकू सकाळच्या एस्टीनं येईल. ती फोटोपाशी जायच्या आधी मी तिला हाताला धरून शेडात नेणार. रशीदनं त्या गाळाची एक ढपली कागदात बांधून दिलीय, म्याच मागून घेतली. ती तिच्या हातावर ठेवणार. आधी माझं सांगणार: मी दारात उभी होते, माझ्यानं पाऊल टाकवलं न्हाय, आन ते भ्यायले म्हणून न्हाय तर तुझ्यावरच्या रागानं. मग चरे किती होते ते सांगणार. मग दिवाळीच्या अमावस्येचं सांगणार. काही झाकणार न्हाय आन पदरचं एक अक्षर घालणार न्हाय. आन एक वचन तुला देते, मला ते तोंडातनं काढायला जड जातंय तरी देते: तिला मी ‘मला आई म्हण’ म्हणणार न्हाय. मावशी म्हणून बोलावलं तर मावशी म्हणून ओ देईन. बोलावलंच न्हाय तर शेडात बसून राहीन.

माझ्या वाटणीचं ती जे विचारंल त्याचं उत्तर मी देईन. वाईट असलं तरी देईन. पर ती तुझ्याकडं वळणार हाय, आक्का. मी ओळखते तिला, मी पाजलंय तिला. फोटोपुढं उभी राहून विचारणार, “तुला ठावं होतं, मग मला का न्हाय सांगितलं?” त्या टायमाला माझ्याकडं बघायचं न्हाय. मालकांचा धाक होता, सासूचा जाच होता, वांझपणाचं दुःख होतं, हे सगळं तुझ्या वतीनं मला सांगता येतं, पर मी सांगणार न्हाय. आयुष्यभर तुझ्या वतीनं मी लेकरू जन्माला घातलं, चिंच भिजवली, गप बसले. आता न्हाय. स्वप्नात ये, पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याच्या तोंडून बोल, काय करायचं ते कर. आई म्हणवून घेतलंस ना? मग लेकीला उत्तर तू द्यायचंस. दुसऱ्या कुणी न्हाय.

तुझी धाकटी,
शेवंता